हे कोरलं कोणी?

फोर्टात रोज येणारा माणूस वर बघत नाही. लोकलमधून उतरलं की आधी घड्याळ, मग सिग्नल, मग फुटपाथवर मांडलेल्या पथाऱ्या. म्हणून तर वारसाफेरीला रविवारी सकाळी सातला जायचं. रस्ते मोकळे असतात आणि मान वर करून चाललं तरी मागून कुणी ढकलत नाही. फेरी नेणारी मुलगी जरा चाललं की थांबवते, "काका, वर बघा ना," म्हणते आणि सारा जन्म याच रस्त्यांवर काढलेले काका मुकाट्याने वर बघतात.

राजाबाई टॉवरपाशी ती मनोऱ्याला देणगी देणाऱ्या प्रेमचंद रायचंदांच्या अंध आईची, राजाबाईंची गोष्ट सांगते. सूर्यास्ताआधी जेवायचं, वेळ कळावी म्हणून घंटा. गोष्ट गोड आहे. खरी किती, कोण जाणे. मनोरा १८७८ साली पुरा झाला. आराखडा सर गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि हे साहेब मुंबईला कधी आलेच नाहीत! आले कोण, तर वर कोनाड्यांत उभी असलेली पागोट्यांची माणसं. पश्चिम भारतातल्या जातीजमातींचे हे पुतळे मुकुंद रामचंद्र नावाच्या असिस्टंट इंजिनिअरने घडवले. त्यांचं नाव टिकलं, कारण ते रावबहादुर होते. छिन्नी चालवणारे पाथरवट रावबहादुर नव्हते.

शेजारच्या हायकोर्टात एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं माकड हातात न्यायाचा तराजू धरून बसलंय. वकिली पट्टी लावलेला कोल्हाही आहे. कंत्राटावरून बिनसलेल्या कारागिराने म्हणे कोर्टावर काढलेला हा सूड. कागदोपत्री पुरावा मागू नका. पण सगळ्या फेरीत लोक खळखळून हसतात ते इथेच, आणि कारागिराची आठवण निघते तीही इथेच.

जे. जे. कलाशाळेच्या आवारात गर्दी होते ती रुडयार्ड किपलिंगच्या जन्मस्थळापाशी. मला त्याचा बाप जास्त जवळचा. लॉकवुड किपलिंग १८६५ साली इथे शिल्पकला शिकवायला आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरच्या कमानीतली शिल्पं त्यांची. खाली फळांच्या पेट्या उतरत असतात, वर दगडात शेतीबाजाराची माणसं. पुढे बोरीबंदर स्टेशनचं काम निघालं तोवर किपलिंग लाहोरला गेले होते. स्टेशनवरची नक्षी कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातची. पोरबंदरचा दगड मऊ, छिन्नीला दाद देणारा. त्यातून मोर, माकडं, पानं निघाली. तिकिटाच्या रांगेत उभे असाल तर एकदा खांबाच्या माथ्याकडे नीट पाहा. वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचं नाव सगळ्यांना पाठ. त्या विद्यार्थ्यांची यादी कुणी म्हणून दाखवत नाही.

हुतात्मा चौकातली फ्लोरा मूळची राणीच्या बागेसाठी होती, १८६४ साली इथे बसली. काळ्या घोड्यावरच्या राजपुत्राचा पुतळा १९६५ मध्ये फोर्टातून त्याच बागेत गेला. पुतळ्यांच्याही बदल्या होतात म्हणायचं.

माझं आवडतं ठिकाण फेरीत बहुतेक वेळा घाईत उरकतात: महात्मा गांधी रोडवरची न्यू इंडिया अॅश्युरन्सची इमारत, १९३६ची. ना. ग. पानसरे यांनी तिच्या दर्शनी भिंतीवर शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या बाया कोरल्या. राज्य साहेबाचं, धंदा विम्याचा आणि भिंतीवर चाकाशी बसलेला कुंभार! मुंबईतल्या साऱ्या गॉथिक परीदेवतांपेक्षा मला हा कुंभार मोठा वाटतो. मराठी माणसाला पानसरे हे नाव ठाऊक नसावं, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

तुम्ही अशा फेरीला गेलात तर आराखडा कोणाचा, देणगी कोणाची हे विचारू नका. ते पाटीवर असतंच. हे कोरलं कोणी, एवढंच विचारा. उत्तर आलं नाही तर पुढच्या रविवारी जाऊन पुन्हा विचारा.