रियाधची गाडी आणि चिकटलेला ब्रेक



गाडीचा ब्रेक लागला नाही तर काय होतं, हे आपली नातवंडंही सांगतील. पण लागलेला ब्रेक सुटलाच नाही तर काय होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. गाडी चालत असते, म्हणून माणूस चालवत राहतो, आणि तिकडे चाक तापत जातं. या वेळी त्याच विषयावर लिहावं असं आमच्या मनात आलं. आम्ही पडलो परिचारिका, मेकॅनिक नव्हे. पण हे ज्ञान आम्हांला पक्क्या माणसाकडून मिळालं आहे, आणि ते आपल्या लोकांच्या उपयोगी पडेल असं वाटतं.

तो माणूस म्हणजे रेवदंड्याच्या शाळेतल्या आमच्या मैत्रिणीचा थोरला भाऊ. ती मुसलमान, आम्ही तेलीवाड्यातले. घरं जवळजवळ, त्यामुळे आम्हीही त्यांना भाईच म्हणत आलो. भाई आधी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते. १९८३ साली ते रियाधला गेले. आम्ही त्यापूर्वीच इस्रायलला आलो होतो. मग तीस वर्षं ते तिकडे, आम्ही इकडे. नकाशावर पाहिलं तर फारसं अंतर नाही, पण थेट बोलणं नव्हतंच. ते मैत्रिणीला गावी पत्र लिहीत, ती आम्हांला कळवी. १९९२ साली भारत आणि इस्रायल यांचे राजनैतिक संबंध जुळल्यावर आमचं गावी जाणं वाढलं, आणि एकदोनदा भाईंची रजा आणि आमची भेट एकाच महिन्यात आली. तेव्हा अंगणात बसून ते सौदीच्या गाड्यांच्या गोष्टी सांगत. तिकडे जिकडे पाहावं तिकडे टोयोटा. आमच्याकडे त्या काळी सुबारू, कारण अरब देशांच्या बहिष्कारामुळे टोयोटा इस्रायलला गाड्या विकत नव्हती. भाई हसून म्हणत, "गो बाय, बाहेरचं नाव कायपण असू दे, ड्रमाच्या आत सगळ्यांचं सारखंच."

आता भाई गावी परत आले आहेत. त्यांची मुलगी रियाधच्या एका इस्पितळात परिचारिका आहे. सौदीत बायकांना गाडी चालवण्याची परवानगी २४ जून २०१८ पासून मिळाली. त्यानंतर तिनंही लायसन काढून एक जुनी टोयोटा यारिस घेतली. हिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्यांना ड्रम. मैत्रिणीनं केलेल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भाई, त्यांची मुलगी आणि आम्ही, असे सगळे आहोत.

एका हिवाळ्यात ती दीड महिना गावी आली. गाडी इमारतीखाली उघड्यावर, हँडब्रेक ओढून उभी. रियाधला पाऊस थोडाच पडतो, पण पडतो तो हिवाळ्या-वसंतात, आणि धूळ तर बारमाही. १० मार्च २००९ च्या वादळात भरदुपारी काळोख झाला होता, तो भाईंनी डोळ्यांनी पाहिला. अशी पिठासारखी धूळ फटीफटीत शिरते आणि वर पाऊस पडला की तिचा चिखल होतो.

ती परतली आणि ड्यूटीवर निघाली, तर गाडी जड. इस्पितळात पोचली तेव्हा मागून जळका वास येत होता. गुरुवारी संध्याकाळी दोन लहान मुलांना घेऊन तिला दम्मामला नवऱ्याकडे जायचं होतं. वाट चारशे किलोमीटरची, आणि बहुतेक वाळवंटातली. तिनं ग्रुपवर बोलून पाठवलं, "हँडब्रेक पूर्ण खाली आहे, दिवाही लागत नाही. आता जाऊन येते, मग दाखवीन."

भाईंचं उत्तर आलं, "गाडीला हात लावू नको."

मुलांनो, हा ड्रम म्हणजे काय ते आधी समजून घ्या. चाकाबरोबर फिरणारं एक उपडं पातेलं डोळ्यांसमोर आणा. त्याच्या आत दोन चंद्रकोरीसारख्या पट्ट्या उभ्या असतात, त्यांना शू म्हणतात, आणि शूवर लायनर चिकटवलेला असतो. पायानं ब्रेक दाबला की तेलाच्या दाबानं व्हील सिलेंडर त्या दोन्ही शूंना बाहेर ढकलतो. लायनर पातेल्याच्या आतल्या बाजूला घासतो आणि चाक थांबतं. हँडब्रेक ओढला तर हेच काम तारेनं, म्हणजे केबलनं होतं. पाय काढला की स्प्रिंगा शूंना मागे खेचतात. म्हणजे लावणारे दोन, पाय आणि केबल. सोडवणारी मात्र स्प्रिंगच. तिला कोणी अडवलं, की ब्रेक चिकटला.

आणि डॅशबोर्डवरचा दिवा? तो फक्त हँडब्रेकचा दांडा वर आहे की खाली, आणि टाकीत तेल आहे की नाही, एवढंच सांगतो. चाक मोकळं झालं की नाही, हे त्याला कळत नाही.

चिकटलेल्या ब्रेकनं गाडी पळवली तर ड्रम भाजून निघतो, लायनर जळतो, चाकाच्या बेअरिंगमधलं ग्रीस वितळतं. आत ब्रेक ऑईल उकळलं तर त्याची वाफ होते, आणि पाय दाबला तर ब्रेक लागतच नाही. डॉट ३ जातीचं नवं ऑईल २०५ अंशांपर्यंत टिकावं असा दंडक आहे. पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि जुनं झाल्यावर तो आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. कधी चाक एकदम जाम होऊन गाडी फिरते, कधी टायर पेटतो. दोन मुलं मागच्या सीटवर असताना हे नको, म्हणून भाई कडक बोलले.

मग प्रश्न सुरू झाले. आमचा जन्म रुग्णांना प्रश्न विचारण्यात गेला, तेव्हा काही आम्हीही विचारले. कधीपासून? एका बाजूला की दोन्ही? सकाळी निघतानाच जड होती, की चालवता चालवता जड झाली? भाई म्हणाले हा शेवटचा प्रश्न मोठा आहे. निघतानाच जड असेल तर बहुधा हँडब्रेक किंवा गंज. चालवल्यावर वाढत जात असेल तर तेलाचा दाब कुठेतरी अडकतोय, कारण तापलं की तेल फुगतं.

ती म्हणाली, निघतानाच जड होती. चाकाजवळ हात धरून पाहिला, टेकवला नाही. डावं मागचं चाक भट्टीसारखं, बाकीची तीन साधारण.

गाडी टो करून सनाइयात, म्हणजे तिथल्या गॅरेजांच्या वस्तीत नेली. तिथल्या मिस्त्रीनं पाहताक्षणी सांगितलं, दोन्ही ड्रम, शू, सिलेंडर सगळं नवं टाका. भाई फोनवर त्याच्याशी उर्दूत गोड बोलले आणि क्रमानं चार गोष्टी करून घेतल्या. वाचकहो, हा क्रमच लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पहिली गोष्ट, सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके, मग मागची बाजू जॅकवर उचलून खाली स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. हँडब्रेक सोडून दोन्ही चाकं हातानं फिरवायची. उजवं फिरलं, डावं हललं नाही.

दुसरी, हँडब्रेकच्या केबलचा ताण सैल करायचा. चाक सुटलं तर दोष केबलकडे. इथे ते अर्धवट सुटलं.

तिसरी, चाक तरीही जाम असेल तर सिलेंडरमागचं निपल जरा सैल करायचं. तेलाची पिचकारी उडून चाक मोकळं झालं, तर दाब अडकलेला आहे. रबरी नळी आतून फुगली असेल किंवा पुढचा मुख्य सिलेंडर तेल परत घेत नसेल. इथे थेंबभर तेल आलं, चाक तसंच. म्हणजे तेलाचा दोष नाही.

चौथी, एवढं झाल्यावरच ड्रम उघडायचा. ड्रम निघत नसेल तर हातोड्यानं बडवायचा नाही. मागच्या भोकातून अॅडजस्टर उलटा फिरवून शू आत घ्यायचे.

ड्रम निघाला आणि सगळा उलगडा झाला. केबलच्या तोंडावरचं रबर फाटलेलं. तिथून पाणी आणि धूळ शिरून तार वेष्टनातच गंजून अडकली होती. दांडा खाली गेला तरी तार परत जात नव्हती. शिवाय शू ज्या पत्र्यावर सरकतात तिथे गंजाचे खड्डे, आणि एक स्प्रिंग ढिली. सिलेंडर कोरडा आणि चांगला. ड्रमचा आतला व्यास, ड्रमवरच कोरलेल्या कमाल मापाच्या आत. म्हणजे मिस्त्रीनं सांगितलेल्या सामानातलं जवळजवळ काहीच लागलं नाही. नवी केबल, दोन्ही बाजूंचे लायनर आणि स्प्रिंगा, एवढंच. लायनर एका बाजूचा कधी बदलायचा नाही, नाहीतर गाडी एकीकडे खेचते. आणि एका वेळी एकच बाजू खोलायची, म्हणजे स्प्रिंगा कशा लावायच्या ते दुसरी बाजू दाखवते. गंज घासून शू सरकतात त्या ठिकाणी उष्णता सोसणारं ग्रीस नखाएवढं लावलं. लायनरला त्याचा डागही लागता कामा नये.

इथे आम्ही मध्ये बोललो. मिस्त्रीनं हवेचा पाईप घेऊन आतली धूळ उडवायची तयारी केली होती. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असायचं. ती धूळ छातीत गेली तर वीस-तीस-चाळीस वर्षांनीही फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. असे रुग्ण आमच्या वॉर्डात आले होते, श्वासासाठी रात्र रात्र उशांना टेकून बसलेले. नव्या लायनरांत अॅस्बेस्टॉस नसलं तरी कोणती धूळ कुठली हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. तेव्हा फुंकायचं नाही, हवा मारायची नाही. ओलं करून पुसायचं आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकायचं. भाई क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "आम्ही तीस वर्षं हवाच मारली गो. आमच्यातले किती खोकत घरी आले." त्यांनी मिस्त्रीला पाईप खाली ठेवायला सांगितलं. तो पोरगा पंचविशीचा होता.

सगळं बांधल्यावर चाक हातानं मोकळं फिरलं. निघण्याआधी पेडल दोन-चार वेळा दाबून घट्ट झालं का पाहिलं, दहा मिनिटं सावकाश फिरवून पुन्हा चारी चाकांजवळ हात धरला. दोन्ही मागची चाकं सारखीच कोमट. गुरुवारी मुलं बापाकडे पोचली.

आपल्यापैकी अनेकांच्या गाड्या आता उभ्याच असतात, मुलं आली की निघतात. अश्दोद काय, अश्केलोन काय, समुद्राची खारी हवा गंजाला रियाधच्या धुळीहून काही कमी नाही. तेव्हा गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. गिअरमध्ये किंवा पार्कवर ठेवून चाकांना ओंडके लावा. ब्रेक ऑईल दोन वर्षांनी बदला. वर्षाच्या टेस्टची वाट न पाहता, मधून मधून प्रवासानंतर उतरून चाकांजवळ हात धरून बघा. एकच चाक गरम लागलं तर पुढे जाऊ नका. आणि मुसाखवाला पाहताक्षणी सगळं बदला म्हणाला, तर त्याला आदरानं एवढंच विचारा, की केबल सैल करून पाहिलीत का?

आपली,
एक निवृत्त परिचारिका