स्थिर ठोकळ्याचा संघर्ष

मराठी समीक्षेत एक वाक्य फार सहज लिहिले जाते: ‘या कथेत संघर्ष नाही.’ लिहिणाऱ्याला बहुधा एवढेच म्हणायचे असते की कथेत काही घडत नाही. मात्र ‘संघर्ष’ आणि ‘घर्षण’ हे दोन्ही शब्द ‘घृष्’ या एकाच धातूपासून आलेले आहेत. मूळ अर्थ घासणे. साहित्याकडे वळण्यापूर्वी आम्ही दोन वर्षे विज्ञानशाखेत काढली. तेथे घर्षणाची जी ओळख झाली, ती या वाक्याशी काही केल्या जुळत नाही.

उतरणीवर ठेवलेल्या ठोकळ्याचे गणित घ्या. ठोकळा 2 किलोग्रॅमचा, उतार 20 अंशांचा, घर्षणांक 0.5, आणि ठोकळा स्थिर आहे. घर्षण किती? वर्गातली निम्मी मुले घर्षणांकाला अभिलंब बलाने गुणून 9.2 न्यूटन असे उत्तर लिहीत. गुरुत्व तर ठोकळ्याला उताराच्या दिशेने फक्त 6.7 न्यूटनने ओढते आहे. मुलांचे उत्तर खरे मानले तर ठोकळा आपणहून चढ चढू लागेल! बरोबर उत्तर 6.7. स्थितिक घर्षण मागणीइतकेच असते, 9.2 ही त्याची कमाल मर्यादा. म्हणजे ठोकळा जेव्हा काहीच करीत नाही, तेव्हाही तेथे दोन बले समोरासमोर ठाकलेली असतात. घर्षणाची दिशा ठरवायची तर आधी जे घडत नाही त्याची कल्पना करावी लागते: हे बल नसते, तर ठोकळा कुठे गेला असता? आम्हांला हा प्रश्न भौतिकशास्त्रापेक्षा वाचनाचा अधिक वाटतो.

प्रयोगशाळेत लाकडी फळीचे एक टोक हळूहळू उचलत जायचे आणि ठोकळा नेमका कोणत्या कोनाला सुटतो ते टिपायचे. त्या कोनाची टॅन्जन्ट म्हणजे घर्षणांक. ठोकळ्यावर वजन ठेवून तो जड केला तरी कोन जवळपास तोच येई, याचे आम्हांला प्रत्येक वेळी नवल वाटे. सुटल्यावर मात्र ठोकळा सावकाश उतरत नाही. घसरणाऱ्या पृष्ठांमधले घर्षण स्थितिक घर्षणाच्या मर्यादेहून कमी असते, म्हणून तो वेग घेत जातो. अठराव्या शतकातील फ्रेंच लष्करी अभियंता कुलोंब याला तर असेही दिसले होते, की दोन पृष्ठे जितका अधिक काळ एकमेकांवर निश्चल राहतात, तितके त्यांना हलवणे कठीण होते. (या निरीक्षणावर एखादी कौटुंबिक कादंबरी सहज उभी राहील, पण ते असो.)

सह्याद्रीच्या उतारावर राहणाऱ्यांना हे गणित निराळ्या रीतीने भेटते. पाऊस उताराचा कोन वाढवत नाही. पाणी मातीत मुरते, तिचे वजन वाढवते आणि कणाकणांमध्ये शिरून त्यांना एकमेकांपासून दूर रेटते. कण परस्परांवर जितके कमी दाबले जातात, तितकी घर्षणाची मर्यादा खाली येते. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. 2021 च्या जुलैत महाड तालुक्यातील तळिये, 2023 च्या जुलैत इर्शाळवाडी. बातम्यांत ‘क्षणार्धात’ हा शब्द होता. दरड सुटण्याआधी पुष्कळदा जमिनीला भेगा पडतात, झाडे कलतात, झऱ्याचे पाणी गढूळ होते, घराची दारे चौकटीत अडकू लागतात. सुटण्याचा क्षण एकच असतो. तोलून धरण्याला वर्षे लागलेली असतात.

काही वर्षांपूर्वी सर्जनशील लेखनाच्या परीक्षेत एका विद्यार्थिनीची कथा आमच्याकडे तपासायला आली. डोंगरउतारावरचे घर, सासू आणि सून. पावसाळ्यात माजघराचे दार नीट लागत नाही, म्हणून सून रोज रात्री ते खांद्याने रेटून लावते. सासू अंथरुणावरून पाहते. कोणीच काही बोलत नाही. कथा एवढीच. सहपरीक्षकांचा शेरा होता: ‘भाषा चांगली, संघर्षाचा अभाव.’ त्यांनी 50 पैकी 21 गुण दिले होते, आम्ही 38. आम्ही वरील ठोकळ्याचे गणित आकृतीसह कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते सौजन्याने वाचले, आणि सरासरी काढावी असे सुचवले.