साधन नवे घ्या, मजकूर आपल्या ताब्यात ठेवा

नेटवर नवीन काही आले की आम्ही आधी वापरून पाहतो. २००४ साली फायरफॉक्स आला, तो सायबर कॅफेत उतरवून घेतला म्हणून मालकाची बोलणी खाल्ली. २००८ च्या सप्टेंबरात क्रोम आला, तोही पहिल्याच आठवड्यात घेतला. मित्र विचारायचे, "तुम्हाला कशाला ही घाई?"

घाई होतीच. जीमेल, ऑर्कुट सुरुवातीला आमंत्रणाशिवाय मिळत नसत. आमंत्रण त्यालाच, ज्याच्या ओळखीचा कोणी आधीच आत आहे. आमच्या वस्तीतले आत कोण होते? म्हणून आम्हाला आमंत्रण मिळाले तेव्हा आमच्या वाट्याची सगळी आमंत्रणे वस्तीतल्या मुलामुलींना वाटली.

पण उत्साहात चूकही केली. विहारातल्या अभ्यासवर्गाची तीन वर्षांची टिपणे एका नव्या सेवेवर ठेवली, स्वतःजवळ प्रत ठेवली नाही. सेवा बंद झाली, टिपणे गेली.

१९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. पुढे बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभा केला. हा इतिहास आम्ही भाषणात सांगतो, पण संगणकापुढे बसलो की विसरतो. दुसऱ्याच्या जागेवर आपला शब्द त्याच्या मर्जीपुरताच टिकतो.

तेव्हा तरुणांनो, नवे साधन पहिल्या दिवशी वापरा, मागे राहू नका. पण मजकूर युनिकोडमध्ये लिहा, एक प्रत स्वतःच्या पेनड्राइव्हवर ठेवा आणि दुसरी विहारातल्या संगणकावर.

जयभीम!