चित्रकथांच्या नगरींत

युरोपांत जाणारा आपल्याकडील प्रवासी ब्रुसेल्सला उतरलाच, तर ग्रांप्लासचा सोनेरी कलाकुसरीचा चौक पाहतो, चॉकोलेटच्या दोन पेट्या घेतो आणि पुढच्या गाडीनें पॅरिसची वाट धरतो. परंतु ज्या घरांत कोणी कथा लिहितें, लिहूं इच्छितें, किंवा निजतेवेळीं मुलांना गोष्ट सांगण्याचें काम ज्यांच्याकडे आहे, त्या मंडळींनीं या नगरीसाठीं आणखी एक दिवस अवश्य राखावा, असें आम्ही सुचवितों. "अभ्यास टाकून चित्रें काय पाहत बसलास?" असा अहेर आपल्या घरांत ज्या पुस्तकांना मिळतो, त्या चित्रकथांना येथें साहित्याच्या पंक्तींत पाट मांडलेला आहे.

मध्यवर्ती स्थानकापासून थोडें चालून गेलें कीं र्यू दे साब्ल ही गल्ली लागते. तेथें व्हिक्टर ओर्टा या नामांकित वास्तुविशारदानें १९०६ सालीं वोकेझ नांवाच्या कापडाच्या व्यापाऱ्यासाठीं बांधलेली एक पेढी आहे. १९७० मध्यें तिचा व्यापार बंद पडला आणि इमारत ओस पडली. पुढें तिचा जीर्णोद्धार होऊन १९८९ मध्यें तेथें चित्रकथांचें संग्रहालय उघडलें. लोखंडी खांब, रुंद जिना आणि वर काचेचें छत! कापड पारखण्यास जो उजेड सोयीचा, तोच आतां चित्रकारांच्या मूळ पानांवर पडतो. नगरीच्या रस्त्यांतूनही हीच हौस दिसते. १९९१ पासून उघड्या भिंतींवर चित्रकथांतील प्रसंग मोठ्या आकारांत रंगविण्याचा उपक्रम येथें चालू झाला. र्यू दे लेत्यूव्ह या रस्त्यावर टिनटिन, त्याचा कुत्रा आणि कॅप्टन हॅडॉक एका भिंतीवरून जिना उतरत असलेले आम्हीं पाहिले, तेव्हां आमच्यांतील पोक्त मंडळीही क्षणभर लहान झाली.

टिनटिनचा जनक झॉर्झ रेमी हा याच नगरींतला, जन्म १९०७ चा. आपल्या नांवाचीं आद्याक्षरें उलटीं करून त्यानें 'एर्जे' हें टोपणनांव घेतलें. एका दैनिकाच्या मुलांसाठीं निघणाऱ्या साप्ताहिक पुरवणींत १० जानेवारी १९२९ रोजीं टिनटिन प्रथम अवतरला. आठवड्याला दोन पानें, आणि वाचक पुढच्या आठवड्यापर्यंत टिकला पाहिजे, ही अट! म्हणून पानाच्या अखेरच्या चौकटींत दार किलकिलें होतें, किंवा पायरवासरशीं कोणी दचकतें. ज्यांना लिहिणें शिकावयाचें आहे त्यांना यांत पहिला धडा आहे: प्रकरण संपवितांना सारें बोलून टाकूं नये; वाचकाच्या मनांत एक प्रश्न ठेवून थांबावें.

दुसरा धडा काटकसरीचा. चित्रांत माणूस पळतांना दिसत असेल, तर खालीं "तो पळाला" असें लिहिणें व्यर्थ. गद्य लिहिणाऱ्यानेंही हेंच पाळावें. सासूबाईंनीं ताट पुढें सरकविलें आणि सून जेवल्यावांचून उठली, एवढें लिहिल्यावर "तिला राग आला" हें वाक्य खोडून टाकावें. दोन चौकटींच्या मधली कोरी जागा वाचक स्वतःच भरतो. तेवढा विश्वास त्याच्यावर टाकला पाहिजे. तिसरा धडा पात्रांचा. हॅडॉकच्या विलक्षण शिव्या, प्रोफेसर कॅल्क्युलसचा बहिरेपणा आणि जोडगुप्तहेरांनीं एकमेकांचें वाक्य फिरवून बोलणें यांवरून चित्र झांकलें तरी माणूस ओळखूं येतो. चौथा धडा खोडण्याचा. एर्जेच्या पेन्सिलीच्या कच्च्या पानांवर एकेका हाताभोंवतीं रेघांचें जाळें दिसतें. त्यांतील नेमकी एक रेघ निवडून तो शाई फिरवी. छापील पानावर दिसणारी सहजता ही अशी श्रमानें मिळविलेली असते.

परंतु सर्वांत मोलाचा धडा सत्याचा आहे. १९३० मध्यें एर्जेनें टिनटिनला काँगोंत पाठविलें. तो देश त्या वेळीं बेल्जियमच्या सत्तेखालीं होता, आणि एर्जेनें त्याचें दर्शन घेतलें नव्हतें. गोऱ्या मालकांच्या ऐकीव समजुतींवर त्यानें तेथील माणसें बाळबुद्धीचीं रंगविलीं. तें पुस्तक आजही त्याच्या नांवावरील डाग आहे. पुढें १९३४ मध्यें कथा चीनकडे वळावयाची असतांना ब्रुसेल्सच्या कलाशाळेंत शिकणाऱ्या चांग चोंगरेन या चिनी तरुणाशीं त्याची गांठ पडली. चांगनें त्याला आपला देश, चालीरीती, कुंचल्याचें लिखाण आणि चालू राजकारण समजावून सांगितलें. कथेंतील चिनी पाट्याही त्यानेंच लिहिल्या. 'ब्लू लोटस' मध्यें टिनटिन चांग नांवाच्याच मुलाला पुरांतून वांचवितो आणि दोघे एकमेकांच्या लोकांविषयींच्या भ्रामक समजुतींना हंसतात. हात तोच होता, दौत तीच होती. मध्यें फक्त एका जाणत्या माणसाला विचारण्याची नम्रता आली होती.

चांग १९३५ मध्यें मायदेशीं परतला आणि त्यांचा संबंध तुटला. १९५८ मध्यें सुरू झालेल्या तिबेटच्या कथेंत टिनटिन दिल्ली-काठमांडूवरून हिमालयांत याच हरवलेल्या मित्राला शोधावयास जातो. त्या कथेंत खलपुरुष कोणीच नाहीं. खऱ्या आयुष्यांत त्या दोघांची भेट १९८१ मध्यें ब्रुसेल्सला झाली. दोन वर्षांनीं एर्जे वारला.

चित्रें दाखवून कथा सांगणें आपणांसही परकें नाहीं. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र पुढें धरून रामायण-महाभारताचे प्रसंग गाऊन सांगत आले आहेत. तेव्हां घरांतील वडील मंडळींस आमची एवढीच विनंती कीं, मुलाच्या हातांतील कॉमिक ओढून घेऊं नये. शेजारीं बसावें, एक पान झांकावें आणि "पुढें काय झालें असेल?" असें विचारावें. त्यानें सांगितलेलें त्याच्याकडूनच दहा ओळींत लिहवून घ्यावें. कथा परमुलखाची किंवा परजातीच्या माणसांची असेल, तर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: "हें तुला कोणी सांगितलें?" लेखणी हातीं धरणाऱ्या प्रत्येकानें, लहान असो वा थोर, या प्रश्नाचें उत्तर जवळ बाळगावें.