छत झाकण्याआधी



या वैशाखात आमच्या दापोडीच्या घरात मागच्या खोलीच्या छताला टाइल्स लावल्या. पाहून गेलेल्या तिघी-चौघींनी विचारलं, कोणत्या लावल्या, कशा लावल्या? ते सांगतेच. पण टाइल्स लावायला दोन दिवस लागले आणि त्याआधीच्या तयारीत तीन आठवडे गेले, म्हणून आधी तयारीचं सांगते.

आमची इमारत जुनी, रेल्वेमार्गापासून जवळ. लोणावळा लोकल गेली की खिडकीच्या काचा वाजतात. मागच्या खोलीच्या छताला आधीच्या मालकांनी हौसेने दाणेदार टेक्स्चर करून घेतलं होतं. त्या दाण्यांत धूळ बसते, कोळी जाळी विणतात आणि पुंजणी कितीही हलक्या हाताने फिरवली तरी एखादा जीव खडबडीत जागी घासला जातोच. त्यात आता सासूबाईंचा पलंग त्याच खोलीत आहे. मांडीचं हाड मोडल्यापासून त्या बहुतेक वेळ पाठीवरच असतात. माळही पडूनच फेरतात. वरून मधूनच चादरीवर चुन्याचे कण पडायचे. एकदा म्हणाल्या, "इतकी वर्षं या घरात मान वर करून पाहिलं नाही गं, आता दुसरं काही दिसतच नाही."

मुलाने लगेच थर्माकोलच्या टाइल्स सुचवल्या. स्वस्त, हलक्या, डिंकासारखा गोंद लावून थेट चिकटवायच्या, एका दुपारचं काम. सासूबाईंनी एकच विचारलं, "त्यांच्या मागे काय राहील?"

दशवैकालिक सूत्राच्या आठव्या अध्ययनात आठ सूक्ष्म सांगितले आहेत, ते तुमच्यापैकी पुष्कळजणींना पाठ असतील. त्यातले चार मी त्या दिवशी छताकडे बघत मोजले. स्नेह म्हणजे दव-धुक्यासारखं बारीक पाणी. पनक म्हणजे बुरशी. उत्तिंग म्हणजे मुंग्यांसारख्या जीवांची घरं. आणि अंड म्हणजे बारीक अंडी. साधूंनी हे ओळखून यतनेने वागावं असा तो उपदेश आहे, पण गृहिणीच्या किती उपयोगाचा! मुळा-पवनेच्या काठच्या आपल्या गावात पावसाळ्यात ओल येतेच. ओल आली की बुरशी, आणि बुरशी म्हणजे अनंतकाय. ओलं छत झाकलं तर अनंत जीवांची उत्पत्ती आपणच नजरेआड वाढू देणार.

म्हणून आधी छताचं पडिलेहण केलं. हे प्रत्येकीला घरी करता येईल.

एक, लाकडी दांड्याने हलकेच ठोकून पाहिलं. भरीव जागी आवाज टणक येतो, पोकळ जागी बद्द येतो. बद्द वाजलं तिथलं प्लॅस्टर सुटलेलं असतं. आतली सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट फोडून बाहेर ढकलतो. सरळ रेषेत तडा आणि तांबूस डाग दिसले तर आधी तो इलाज, मग सजावट.

दोन, हातभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने छताला एक दिवस लावून ठेवला. काढल्यावर छताकडच्या बाजूला पाण्याचे थेंब होते. म्हणजे ओल वरून येत होती.

वरच्या भाभींकडे जायला मला संकोच वाटत होता. गळतीवरून शेजारणी बोलायच्या बंद झालेल्या आपण पाहतोच. मी मिस्त्रीला न नेता एकटीच गेले आणि त्यांना खाली येऊन सासूबाईंच्या पलंगाजवळून वर बघायला सांगितलं. पुढे काही बोलावं लागलं नाही. त्यांच्या बाथरूमच्या फरशांचे सांधे पुन्हा भरले, दोन दिवस पाणी साठवून पाहिलं, खर्च वाटून घेतला. छत सुकायला दोन आठवडे दिले.

तीन, सुटलेलं प्लॅस्टर पाणी मारून खरवडलं, म्हणजे धूळ उडत नाही. परदेशातल्या बहिणींनी मात्र जुन्या घराचं दाणेदार छत स्वतः खरवडू नये. अमेरिकेत अशा फवारलेल्या छतांत अॅस्बेस्टॉस असायचं. 1978 साली तिथे त्यावर बंदी आली, पण जुनी छतं अजून आहेत.

आता टाइल्स. थर्माकोल आम्ही नाकारला, कारण आग लागली तर तो वितळून पेटते थेंब खाली पडतात आणि धूर गुदमरवणारा असतो. जिला उठून पळता येत नाही तिच्या डोक्यावर तो नको. पीव्हीसी पाण्याने खराब होत नाही, पण त्यामागची ओल दिसतही नाही. आम्ही जिप्समच्या दोन बाय दोन फुटांच्या टाइल्स घेतल्या. पत्र्याच्या चौकटीत त्या नुसत्या ठेवलेल्या असतात, हाताने उचलता येतात. वरून पाणी आलं तर लगेच डाग पडतो, म्हणजे निरोप मिळतो. उंची पाच-सहा इंच कमी झाली. पंखा टाइलला न टांगता लांब दांडी घेऊन स्लॅबच्या हुकालाच टांगला. टाइल्स चढवण्याआधी पुंजणीने एकेक कोळी खिडकीबाहेर सोडला आणि भिंतीच्या कडा नीट बंद केल्या, म्हणजे पालीकिड्यांनी आत शिरून कोंडायला नको.

कोणी म्हणेल, एवढी सजावट कशाला? वेरूळच्या बत्तिसाव्या लेण्यात, इंद्रसभेत, वरच्या मजल्यावर मान वर करून पाहा, छतावर मोठं कमळ कोरलं आहे. आपल्या पूर्वजांनीही छत सुंदर केलं. फक्त तिथे कमळामागे काही लपवलेलं नाही, कमळ हाच तो दगड आहे.

आमच्या टाइल्सवर छोटं आठ पाकळ्यांचं फूल आहे. सासूबाई पाकळीवर बोट धरल्यासारखं करून नवकार मोजतात. बाथरूमच्या बाजूची कोपऱ्यातली टाइल आम्ही खूण करून ठेवली आहे. दर पक्खीला, संध्याकाळच्या प्रतिक्रमणाआधी, मुलगा स्टुलावर चढतो, ती उचलतो आणि बॅटरी लावून आत पाहतो. "कोरडं आहे," असं तो म्हणाला की सासूबाई डोळे मिटतात.