एकच टेबल होतं

आम्ही नणंद-भावजय. थोरलीच्या लग्नाला सात वर्षं झाली, दोन मुलं आहेत. धाकटी बी.ए. होऊन घरीच होती. बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, आम्ही एकाच दिवशी नाव घातलं. फी अब्बांनी भरली. अम्मींनी होकार दिला तो एका अटीवर : दोघींनी बरोबर जायचं, बरोबर यायचं. वर्ग शनिवार-रविवारी असायचे, त्यामुळे अट जड गेली नाही. अडलं ते प्रत्यक्ष कामाच्या वेळी.

या अभ्यासक्रमात महिनाभर एखाद्या ग्रंथालयात काम करावं लागतं. रोजची डायरी लिहायची, शेवटी तिथल्या ग्रंथपालाची सही आणि शिक्का घ्यायचा. त्याशिवाय निकाल लागत नाही. जागा विभागच देईल असं आम्ही धरून चाललो होतो. मार्चमध्ये सरांनी एक पत्र हातात ठेवलं आणि म्हणाले, "जागा तुम्हीच शोधा. मे अखेर प्रमाणपत्र आणून द्या." पत्रात तारखा नव्हत्या, तास नव्हते. ग्रंथालयाच्या नावासाठी एक रिकामी ओळ होती. ती भरायला आम्हाला पाच आठवडे लागले.

शहरातल्या एका मोठ्या कॉलेजात सांगितलं, मुलं जानेवारीतच घेतली, आता पुढच्या वर्षी या. दुसऱ्या एका ठिकाणी कचेरीतल्या साहेबांनी आमच्या बुरख्याकडे पाहिलं आणि विचारलं, "इथे लोकांशी बोलावं लागतं, जमेल का?" आम्ही त्यांच्याशी दहा मिनिटं बोलतच होतो. गावातल्या उर्दू शाळेचे हेडमास्तर मात्र लगेच तयार झाले, चहाही पाजला. पण तिथली पुस्तकं एका शिक्षकाकडे होती, आणि विभागाला प्रशिक्षित ग्रंथपालाचीच सही हवी होती. तेव्हा राग आला. पुढे पटलं की तिथे आम्हाला शिकवणारं कुणीच नव्हतं.

या फेऱ्यांतून एक कळलं, ते कुणाच्या मुलीला उपयोगी पडेल म्हणून लिहितो. मोघम पत्र घेऊन फिरू नये. आम्ही सरांकडून ते नव्याने लिहून घेतलं : कोणत्या तारखा, रोज किती तास, कोणकोणती कामं शिकायची, सही कुणाची लागेल, आणि मुख्य म्हणजे आम्हाला पगार नको. मग कचेरीत न जाता थेट ग्रंथपालांना भेटायला लागलो. समोरच्याला आपण ओझं नाही हे आधी कळावं लागतं.

असं करत तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात पोचलो. आपल्याकडची अशी बहुतेक वाचनालयं १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली, गावच्या संस्थेने चालवलेली आणि सरकारी अनुदानावर तगलेली असतात. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग. हे 'ब' वर्गातलं. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसात उघडं. ग्रंथपाल सर निवृत्तीला आलेले. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "एकीला घेतो. टेबल एकच आहे, शिकवणारा मी एकटाच."

येताना एसटीत आम्ही एकमेकींशी बोललो नाही. घरी आल्यावर दोघीही "तू जा" म्हणू लागलो, आणि खरं सांगायचं तर ते म्हणताना दोघींच्याही मनात "मी जाते" हेच होतं. धाकटीच्या लग्नाची बोलणी चालू होती. सासरचे शिकू देतील की नाही, अल्लाहलाच ठाऊक. थोरलीच्या नवऱ्याच्या कामाला मंदी होती, आणि वर्षाअखेर ग्रंथपालाची अर्धवेळ का होईना नोकरी मिळेल या आशेवर तिने मुलांच्या शाळेचं गणित बांधलं होतं. दोन दिवस स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच वाजली. शेवटी अम्मी म्हणाल्या, "जिला घर सोडायचंय ती आधी." थोरलीला ते लागलं. तिने ते लपवलंही नाही.

अम्मींची अट अम्मींनीच मोडली होती, म्हणून भरपाई त्यांनीच केली. पहिले काही दिवस त्या धाकटीबरोबर जाऊन वाचन कक्षात बसल्या. त्यांना मराठी बोलता येतं, वाचताना अडखळायला होतं. पहिल्याच दिवशी कंटाळून त्यांनी सरांना विचारलं, "उर्दूत काही आहे का हो?"

सरांनी किल्ली शोधून मागच्या खोलीतलं एक कपाट उघडलं. एका दिवंगत शिक्षकांच्या घरून देणगीत आलेली दीडशेच्या आसपास पुस्तकं होती. दाखल नोंदवहीत त्यांची नावं होती 'उर्दू पुस्तक १', 'उर्दू पुस्तक २', अशी ओळीने. शिक्के शेवटच्या पानावर आणि तारखांची चिठ्ठीही तिथेच, कारण चिकटवणाऱ्याने मराठी पुस्तक उघडतात तशीच उघडली होती. कुणी कधी नेलेलं नव्हतं. नेणार कसं, मागायला नाव तर हवं. रंगनाथन यांचे १९३१ चे पाच नियम आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा हा अर्थ आम्हाला त्या कपाटाशी समजला.

धाकटीला महिनाभराचं काम मिळालं, पण एकटीला ते उरकेना. सरांनीच दुसऱ्या मुलीची गोष्ट काढली. कार्यवाहांची परवानगी यायला दोन आठवडे गेले आणि ५ मेला थोरली रुजू झाली. टेबल मात्र एकच राहिलं. एक लिहायची तेव्हा दुसरी फरशीवर बसून पुस्तकं पुसायची. सकाळी मुलांना अब्बा सांभाळत. संध्याकाळची साडेसातची एसटी चुकली की रिक्षाचे पैसे सरांना न सांगता आमच्याच पर्समधून जात.

कामात जीव लागला. लेखकांची नावं लावताना खरी गंमत आली. आधी कुणीतरी केलेल्या एका यादीत सगळे मौलाना 'म' खाली एकत्र बसले होते. नियम असा की पदवी बाजूला ठेवायची आणि माणूस ज्या नावाने ओळखला जातो ते आधी घ्यायचं. म्हणून मौलाना आझाद 'आझाद' खाली गेले, आणि मिर्झा असदुल्लाह खान सरळ 'गालिब' खाली. अम्मी म्हणाल्या, "मौलानांचं मौलानापण काढून घेतलंत का?" ड्यूईच्या वर्गीकरणात उर्दू कविता ८९१.४३९१ ला जाते. इस्लामवरची पुस्तकं सगळी २९७ मध्ये. ख्रिस्ती धर्माला २२० पासून २८० पर्यंतची दहाके आणि आपल्याला एक आकडा, हे पाहून आम्ही जरा चिडलो. सर म्हणाले, "ड्यूई अमेरिकेतला माणूस, १८७६ मध्ये त्याच्यासमोर जी पुस्तकं होती त्यांची मांडणी त्याने केली." चिडायचं ते चिडलोच. सरांना उर्दू येत नाही, म्हणून प्रत्येक कार्डावर नाव उर्दूत आणि खाली देवनागरीत लिहिलं. ही कल्पना थोरलीची.

धाकटीचं प्रमाणपत्र वेळेत गेलं. थोरलीचा महिना ४ जूनला भरला, मुदत संपून चार दिवस झाले होते. आम्ही दोघी विभागात जाऊन बसलो, विनवलं, पण तिचा निकाल राखून ठेवला गेला आणि सहा महिन्यांनी लागला. तोवर एका शाळेतली जागा भरली गेली होती. त्याबद्दल आमच्यात अजूनही अधूनमधून शांतता पसरते.

अम्मी आता त्या वाचनालयाच्या सभासद आहेत. पंधरवड्याला एक पुस्तक आणतात. एका पुस्तकाचं कव्हर आणि पहिली सोळा पानं गळालेली आहेत, त्यामुळे नाव आणि लेखक आम्हाला लावता आले नाहीत. नोंदवहीत ते अजून 'उर्दू पुस्तक ८७' आहे. सध्या ते अम्मींच्या उशाशी आहे. पूर्ण वाचून झालं की नाव काय असावं ते सांगते, म्हणाल्या.