कॅन्टीनमधला दादा

जानेवारीच्या सुरुवातीला सिंगापूरच्या कुठल्याही सरकारी प्राथमिक शाळेत डोकावा. प्रायमरी वनचा पहिला दिवस, आणि कॅन्टीनच्या कडेला आई-बाबांची ही गर्दी! सहा-सात वर्षांची मंडळी मात्र आपापल्या 'बडी'चं बोट धरून रांगेत. बडी म्हणजे वरच्या इयत्तेतला मुलगा नाहीतर मुलगी. दोन डॉलर दिले तर परत किती यायला हवेत, रिकामी वाटी कुठे ठेवायची, सगळं तोच दाखवतो. आमच्या धाकट्याच्या चिनी बडीने स्टॉलवरच्या आंटीला "नो मीट, एग कॅन" एवढंच सांगून आमचा सगळा आहारधर्म उरकला! घरी मराठी बोलणाऱ्या पोराचं शाळेतलं पहिलं इंग्रजी हेच.

लहानांना मोठ्या मुलांच्या हाती सोपवण्याची ही तऱ्हा तशी आपल्या बाजूचीच. १७८९ साली मद्रासला, एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री होता. मलबारी शाळेतली मुलं वाळूत अक्षरं गिरवताना त्याने पाहिली. आपली धूळपाटीच की! त्याच्या मास्तरांना हे रुचेना, तेव्हा त्याने आठ वर्षांच्या जॉन फ्रिस्केनकडे लहानांचा वर्ग दिला. १७९७ मध्ये बेलचं पुस्तक लंडनला निघालं आणि 'मद्रास पद्धत' गाजली. मास्तर थोडे, पोरं फार. आमच्या इंजिनियरी भाषेत 'कॉस्ट रिडक्शन'.

इथे ती अडचण नाही. पहिली-दुसरीचे वर्ग साधारण तिसाचे. तरी बाई वर्गात जोड्या लावतात, कारण ज्याला नुकतंच समजलंय, त्याला आपण कुठे अडलो होतो ते अजून आठवत असतं.

आपल्यातल्या काहींना हे पटत नाही. "आमच्या मुलीला येतंय, ती दुसरीला शिकवत बसते, तिचा काय फायदा?" २०१९ पासून पहिली-दुसरीच्या परीक्षा बंद झाल्या, पण ट्यूशनचा धसका काही जात नाही! मला विचाराल तर तोटा नाहीच. आमची मोठी दुसरीत असताना घरी आली ती गाल फुगवूनच. "बाबा, वजाबाकीत हातचा का घ्यायचा? शेजारची विचारते, आणि मला नुसतं करता येतं, सांगता येत नाही."

मग आईस्क्रीमच्या काड्या काढल्या. दहा-दहाच्या जुड्या बांधल्या, आणि बावन्नातून सतरा काढताना तिने एका जुडीचं रबर स्वतःच सोडलं. दुसऱ्या दिवशी काड्या दप्तरात गेल्या, शेजारणीसाठी.